परदेशातून लेन्स मागवताना पैसे कोणत्या मार्गाने द्यावेत?

रत्नागिरीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग असा :

‘मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला आरेखक आहे. फिल्मवर छायाचित्रे काढण्याचा जुना छंद निवृत्तीनंतर पुन्हा सुरू केला. परंतु माझ्या कॅमेऱ्याची लेन्स बुरशीने निकामी झाली आहे. तशीच लेन्स ईबे या ऑनलाइन बाजारपेठेवर जपानमधील एका विक्रेत्याकडे साधारण ३०,००० रुपयांना आहे. ईबेऐवजी थेट बँकेत पैसे पाठवल्यास तो १० टक्के सूट देतो म्हणतो. कॅमेऱ्यासाठी लागणारे फिल्टर आणि काही सुटे भाग इंग्लंडमधील एका छोट्या दुकानाच्या संकेतस्थळावर ८५ पौंडांना मिळतात. तेथे कार्ड किंवा पेपॅल ही ऑनलाइन पैसे देण्याची सेवा चालते. शिवाय इन्स्टाग्रामवर हाँगकाँगचे म्हणवणारे एक दुकान तीच लेन्स निम्म्या किमतीत देते आणि पैसे भारतातील प्रतिनिधीला यूपीआयने द्यायला सांगते. माझ्याकडे पेन्शनच्या खात्याचे डेबिट कार्ड आहे, क्रेडिट कार्ड नाही. मुलगी म्हणते, परदेशी साइटवर ओटीपी लागत नाही, तेव्हा कार्ड वापरूच नका. बँकेत काम केलेले स्नेही म्हणतात, बँकेतून बँकेत पाठवलेले पैसे सर्वांत सुरक्षित. लंडनला असलेला भाचा स्वतः मागवून देतो म्हणतो. मी काय करावे?’

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीची काळजी खरी आहे आणि आपल्या स्नेह्यांचे म्हणणेही त्यांच्या अनुभवापुरते चुकीचे नाही, पण ती दोघे दोन वेगळ्या धोक्यांबद्दल बोलत आहेत आणि आपल्यापुढचा मुख्य धोका तिसराच आहे. कार्डाचा क्रमांक चोराच्या हाती लागेल, ही मुलीची भीती. पैसे वाटेत गहाळ न होता ठरलेल्या खात्यात पोचावेत, हा स्नेह्यांचा विचार. परंतु पैसे अगदी सुखरूप पोचले आणि विक्रेत्याने लेन्स पाठवलीच नाही, किंवा पाठवली ती आपल्या सध्याच्या लेन्सइतकीच बुरशीने भरलेली निघाली, तर पुढे काय, याचे उत्तर दोघांच्याही सल्ल्यात नाही. म्हणून पैसे देण्याचा मार्ग निवडताना सर्वांत आधी एकच गोष्ट तपासावी, असे माझे ठाम मत आहे : माल आला नाही किंवा सांगितल्याप्रमाणे निघाला नाही, तर पैसे परत मागण्याचा हक्क आपल्याला कोणाकडे, कोणत्या नियमाने आणि किती दिवसांपर्यंत राहतो? आपल्यापुढचे सगळे पर्याय या प्रश्नावर घासून पाहिले की निवड अवघड राहत नाही.

बँकेतून परदेशी खात्यात पैसे पाठवायचे तर आपण शाखेत अर्ज भरता, रक्कम कशासाठी पाठवत आहात ते नोंदवता आणि बँक ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून पैसे पाठवण्याचा संदेश रवाना करते. ज्याला आपण ओळखतो अशा माणसाला किंवा संस्थेला पैसे पोचवण्यासाठी, उदाहरणार्थ परदेशी विद्यापीठाची फी भरण्यासाठी, ही पद्धत उत्तम आहे. पण रक्कम एकदा समोरच्याच्या खात्यात जमा झाली की आपली बँक ती ओढून आणू शकत नाही. परत पाठवण्याची विनंती करता येते आणि ती मान्य व्हायला सर्वसाधारणपणे खातेदाराची संमती लागते. ज्याने फसवायचे ठरवले आहे तो ती कशाला देईल? बँकेच्या दृष्टीने आपण सांगितलेले काम तिने चोख केलेले असते, त्यामुळे तिच्याकडे दाद मागण्यासारखेही काही उरत नाही. स्नेह्यांनी ‘सुरक्षित’ म्हटले ते पैसे पोचण्याबाबत. मालाबाबत या मार्गात कसलेही संरक्षण नाही.

जपानी विक्रेत्याच्या सवलतीकडे याच नजरेने पाहावे. तो १० टक्के, म्हणजे सुमारे ३,००० रुपये सोडतो आहे आणि त्या बदल्यात आपण ईबेची हमी आणि कार्डावरचा दावा ही दोन्ही संरक्षणे सोडावीत अशी त्याची अपेक्षा आहे. तो लबाडच असेल असे मी म्हणत नाही. बाजारपेठेचे शुल्क वाचवू पाहणारे प्रामाणिक विक्रेतेही असतात. पण व्यवहार ईबेबाहेर नेणे ईबेच्या नियमांत बसत नाही, तसे केल्यावर ईबेकडे तक्रार करता येत नाही आणि विक्रेत्याचे नाव घेऊन त्याच्या जागी दुसराच कोणी संदेश पाठवत असला तर ते ओळखण्याचे साधनही आपल्याकडे राहत नाही. सूट नाकारावी. विक्रेता खरा असेल तर ईबेवरच किंमत थोडी कमी करायला तयार होईल. काही विक्रेत्यांच्या पानावर खरेदीदाराने आपली किंमत सुचवण्याची सोयही असते.

इन्स्टाग्रामवरच्या हाँगकाँगच्या दुकानाबद्दल मला फार लिहायचे नाही : तेथे पैसे देऊ नका. परदेशातील दुकान आणि पैसे मात्र भारतातील एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर, ही जोडणी दिसली की थांबावे. परदेशी व्यापाऱ्यांसाठी भारतात पैसे स्वीकारण्याची कायदेशीर व्यवस्था आहे आणि अशा मध्यस्थ कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या थेट नियमनाखाली आणले आहे. त्यामुळे एखाद्या खऱ्या परदेशी संकेतस्थळावरही यूपीआयचा पर्याय दिसू शकतो. परंतु तेव्हा पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर नोंदलेल्या कंपनीचे नाव येते, कोणा माणसाचे नाही. व्यक्तीच्या खात्यात आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे ‘माल आला नाही’ या कारणावरून परत मिळवण्याची वाट यूपीआयमध्ये नाही. अनेकदा असे खाते कमिशनच्या मोबदल्यात दुसऱ्याला वापरायला दिलेले असते आणि रक्कम तेथून लगेच पुढे सरकते. गिफ्ट कार्डाचे क्रमांक किंवा क्रिप्टो चलन मागणाऱ्या विक्रेत्यालाही हाच न्याय लावावा.

आता कार्डाकडे वळू, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या जाळ्यांच्या नियमांत ‘चार्जबॅक’ नावाची तरतूद असते. माल मिळाला नाही, वर्णनाप्रमाणे नाही, नकली निघाला, परताव्याचे आश्वासन देऊन परतावा दिला नाही, अशा ठरावीक कारणांसाठी ग्राहक आपल्या कार्डाच्या बँकेकडे लेखी हरकत नोंदवतो. ती बँक विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम परत मागते आणि माल योग्य रीतीने पोचवल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. विक्रेता टोकियोत असो की मँचेस्टरला, त्याच्या बँकेला त्या जाळ्याचे नियम पाळावेच लागतात. परदेशी विक्रेत्याला गाठायला आपल्याला न्यायालय किंवा वकील लागत नाही ते यामुळेच. या दोन्ही जाळ्यांत अशा तक्रारींची मुदत सर्वसाधारणपणे १२० दिवसांची असते आणि माल न मिळाल्याच्या तक्रारीत ती माल पोचणे अपेक्षित होते त्या दिवसापासून मोजली जाते. मात्र आपल्या बँकेने स्वतःसाठी याहून कमी मुदत ठेवलेली असू शकते, म्हणून कार्डाच्या अटी आधीच वाचाव्यात आणि तक्रारीला शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये.

ही सोय डेबिट कार्डालाही असते. तरीही पेन्शनच्या खात्याचे डेबिट कार्ड परदेशी खरेदीसाठी वापरू नका, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. क्रेडिट कार्डावर वाद निर्माण झाला तर तो बँकेच्या पैशांवर चालू राहतो. डेबिट कार्डावर तो आपल्या महिन्याच्या खर्चाच्या पैशांवर चालतो आणि निकाल लागायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. शिवाय कार्डाचा क्रमांक फुटलाच तर धोका ३०,००० रुपयांपुरता राहत नाही, खात्यातील सगळ्या शिलकीला पोचतो. निवृत्तीनंतर पगाराची पावती नसल्याने क्रेडिट कार्ड मिळणार नाही असा अनेकांचा समज असतो, पण बऱ्याच बँका मुदत ठेव तारण घेऊन क्रेडिट कार्ड देतात. ५० हजारांच्या ठेवीवर कार्ड घेतले तर त्याची मर्यादा त्या रकमेच्या आसपास राहते, ठेवीवर व्याजही मिळत राहते आणि नुकसानीला आपोआप एक कुंपण पडते. बिल मात्र मुदतीत आणि पूर्ण भरावे. थकबाकीवरचे व्याज फार जड असते. तेही नको असेल तर दुसऱ्या बँकेत एक साधे बचत खाते उघडून त्यात खरेदीपुरतेच पैसे ठेवावेत आणि त्या खात्याचे डेबिट कार्ड वापरावे. ठेवीवरचे क्रेडिट कार्ड मला यापेक्षा चांगले वाटते.

मुलीच्या ओटीपीबाबतच्या शंकेचे उत्तर देणे आवश्यक आहे, कारण तिने सांगितलेली वस्तुस्थिती बरोबर आहे. भारतातील ऑनलाइन कार्ड व्यवहारांना अतिरिक्त पडताळणी बंधनकारक आहे, परंतु परदेशी व्यापाऱ्यांवर हे बंधन नाही. कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर तेथे व्यवहार होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार, परदेशी व्यापाऱ्याने पडताळणी मागितली तर ती करून देण्याची व्यवस्था भारतीय बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभी करायची आहे. म्हणजे तेव्हाही ती मागायची की नाही हे समोरच्याच्याच हाती राहील. पण याला कार्ड न वापरणे हा एकच उपाय नाही. २०२० सालापासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात; ते आपण बँकेच्या अ‍ॅपवरून सुरू करायचे, त्यावर रकमेची मर्यादा घालायची आणि काम झाले की पुन्हा बंद करायचे, अशी सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानेच झालेली आहे. खरेदीच्या वेळी मर्यादा किमतीपेक्षा थोडीच जास्त ठेवावी. काही दुकाने मागणी नोंदवताना पैसे न घेता माल रवाना करताना घेतात, त्यामुळे कार्ड बंद करण्यापूर्वी रक्कम प्रत्यक्ष नावे पडली आहे का ते पाहावे. आणखी एक : १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील संकेतस्थळांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही, परंतु परदेशी संकेतस्थळांवर आपला हा नियम चालत नाही. तेथे ‘कार्ड जतन करा’ अशी चौकट दिसली तर तिच्यातली खूण काढून टाकावी.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि ती महागात पडते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या जबाबदारीची जी चौकट घालून दिली, ती अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीही भार येत नाही. हे संरक्षण मोठे आहे, पण आपण स्वतः दिलेल्या पैशांना ते लागू होत नाही. विक्रेत्याने फसवले म्हणून बँकेला ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असे कळवणारे लोक आहेत. ते खोटे तर असतेच, शिवाय नोंदी तपासल्या की दावा फेटाळला जातो आणि तोवर खऱ्या कारणाची मुदत निघून जाऊ शकते. व्यवहार आपण केला असेल तर तसेच लिहावे आणि माल न मिळाल्याची किंवा वेगळा निघाल्याची तक्रार त्याच नावाने करावी. व्यवहार खरोखरच अनोळखी असेल तर मात्र त्याच दिवशी कार्ड बंद करून बँकेला कळवावे.

आता लेन्सबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या वस्तूंच्या खरेदीत पैशांचे संरक्षण शेवटी वर्णनाच्या शब्दांवर ठरते. ईबेवरून रीतसर पैसे भरले तर ईबेची पैसे परत करण्याची हमी लागू होते. माल आला नाही, किंवा वर्णनाशी जुळला नाही, तर पोचण्याच्या प्रत्यक्ष किंवा शेवटच्या अपेक्षित तारखेपासून ३० दिवसांच्या आत ईबेवर तक्रार नोंदवता येते, आणि विक्रेत्याने ‘माल परत घेतला जाणार नाही’ असे लिहिले असले तरी वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाला ती अट आड येत नाही. म्हणून वर्णन अक्षरशः वाचावे. जपानी विक्रेते बहुधा बाहेरची स्थिती, काचांची स्थिती आणि यंत्रणेचे काम अशी वेगवेगळी नोंद देतात. शीर्षकात ‘जवळजवळ नवी’ अशी प्रतवारी असते आणि खाली काचांच्या नोंदीत किंचित बुरशी, धूसरपणा किंवा धूळ असल्याचे सांगितलेले असते. ही प्रतवारी कोणत्याही संस्थेने ठरवलेली नसते, प्रत्येक विक्रेत्याची आपापली असते. खाली बुरशी असल्याचे लिहिले असेल आणि लेन्स तशीच निघाली, तर आपली तक्रार टिकणार नाही. ‘तपासलेली नाही’ किंवा ‘आहे त्या स्थितीत’ असे शब्द असतील तर ती लेन्स सोडून द्यावी. कोकणातल्या दमट हवेत बुरशीचा एवढासा अंशही पावसाळ्यात पसरतो, हे आपण सोसलेलेच आहे.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला ईबेच्याच संदेशपेटीतून विचारावे की काचांमध्ये बुरशी, धूसरपणा किंवा काचांच्या जोडातला सुटलेला चिकटा आहे का, आणि मागून उजेड टाकून काढलेले छायाचित्र मागवावे. लेखी उत्तर हा पुढे पुरावा ठरतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे आश्वासन ईबेच्या नोंदीत नसते. विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावेत. पार्सल आले की न उघडलेल्या खोक्यापासून सलग चित्रीकरण करावे आणि लेन्स त्याच दिवशी उजेडात तपासावी. पाहुणे येऊन गेल्यावर पाहू, असे करता करता ३० दिवस कसे निघून जातात ते कळत नाही.

इंग्लंडमधल्या दुकानाची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे मधली बाजारपेठ नाही. दुकान आणि आपण एवढेच. तेथे मी पेपॅल सुचवेन आणि पेपॅलला जोडलेले कार्ड वर सांगितलेले क्रेडिट कार्डच असावे. पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले असले तरी परदेशी विक्रेत्याला पैसे देण्याची सेवा चालू आहे. यात दोन फायदे आहेत. दुकानाला आपल्या कार्डाचा क्रमांक दिसत नाही, त्यामुळे छोट्या दुकानाचे संकेतस्थळ कच्चे असले तरी आपला क्रमांक तेथून फुटण्याचा प्रश्न येत नाही. आणि पेपॅलच्या खरेदीदार संरक्षणाखाली पैसे दिल्यापासून १८० दिवसांच्या आत तक्रार उघडता येते. तक्रार उघडल्यावर २० दिवसांत तिचे दाव्यात रूपांतर करावे लागते, नाहीतर ती आपोआप बंद होते. विक्रेता गोड बोलून हे २० दिवस घालवू शकतो, म्हणून ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. विक्रेत्याने ‘मित्र आणि कुटुंब’ या प्रकारात पैसे पाठवायला सांगितले तर नकार द्यावा, कारण त्या प्रकाराला हे संरक्षण नसते. माल वेगळा निघाला तर पेपॅल तो आपल्या खर्चाने परत पाठवायला सांगू शकते. ८५ पौंडांच्या मालासाठी तो खर्च कितपत परवडेल, याचा विचार तेव्हा करावा लागेल.

ईबे किंवा पेपॅलची तक्रार आणि कार्डाचा चार्जबॅक एकाच वेळी सुरू करू नयेत. एकाच पैशांसाठी दोन दावे दिसले तर ईबे किंवा पेपॅल आपल्याकडचा दावा बंद करतात. आधी विक्रेत्याला लिहावे, मग त्या बाजारपेठेकडे किंवा पेपॅलकडे जावे आणि तेथे न्याय मिळाला नाही तरच कार्डाच्या बँकेकडे. हा क्रम पाळताना कार्डाची मुदत कधी संपते ते मात्र डोळ्यांसमोर ठेवावे. पेपॅलचे १८० दिवस वाचून निर्धास्त राहिले तर कार्डाचे १२० दिवस आधी संपलेले असू शकतात.

लंडनच्या भाच्याचा प्रस्ताव प्रेमाचा आहे, पण त्यातून वाटतो तेवढा फायदा होणार नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५ व्या कलमाने, १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूबाबत क्रेडिट कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याबरोबर जबाबदार ठरते. आपल्याकडे तशी कायदेशीर तरतूद नाही आणि आपला सगळा भर कार्डाच्या जाळ्याच्या नियमांवर असतो. परंतु आपली इंग्लंडची खरेदी ८५ पौंडांचीच आहे, त्यामुळे ते कलम तेथे लागूच होत नाही, आणि ईबेसारखा मध्यस्थ आला की ते लावणे अवघड होते. भाचा लवकरच गावी येणार असेल आणि फिल्टर त्याच्या सामानातून आले, तर टपालखर्च वाचेल एवढे खरे. लेन्स मात्र थेट आपल्याच पत्त्यावर मागवावी, म्हणजे ती उघडून तपासणारा आणि मुदतीत तक्रार करणारा माणूस एकच राहील.

खर्चाचे गणित आधी मांडलेले बरे. परकी चलनातील व्यवहारावर अनेक कार्डांना ३.५ टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी लागतो. ३०,००० रुपयांवर हा अधिभार १,०५० रुपये, त्यावरचा कर १८९ रुपये, असे एकूण १,२३९ रुपये होतात. ही रक्कम आपल्याला टोचेल, पण पैसे परत मागण्याचा हक्क हाती राहतो तो याच मार्गाने. पैसे भरताना रक्कम रुपयांत घ्यायची की विक्रेत्याच्या चलनात, असे विचारले तर विक्रेत्याचे चलन निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा दिसतो, परंतु त्यात विनिमयाचा दर बहुधा चढा असतो आणि काही बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावरही वेगळे शुल्क लावतात.

सीमाशुल्क हा पैशांच्या मार्गाचा भाग नसला तरी फसवणूक पुष्कळदा तेथूनच शिरते, म्हणून तेही सांगतो. जपानच्या टपालातून आलेले पार्सल भारतीय टपाल खात्याकडे येते, सीमाशुल्क अधिकारी शुल्क ठरवतात आणि ते आपण पार्सल ताब्यात घेताना टपाल खात्याला भरता. खासगी कुरियर असेल तर कंपनी रीतसर पावती देऊन वसूल करते. दर अर्थसंकल्पाबरोबर बदलतात, त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वी त्या वेळचा दर पाहून घ्यावा. शुल्क जास्त वाटले म्हणून पार्सल नाकारले तर ईबेची हमी मिळत नाही. विक्रेता ‘पार्सलवर भेट असे लिहितो’ किंवा ‘किंमत कमी दाखवतो’ म्हणाला तर स्पष्ट नकार द्यावा. राख्या आणि जीवरक्षक औषधे सोडून इतर वस्तू शुल्क न भरता भेट म्हणून टपालाने किंवा कुरियरने आयात करण्यास डिसेंबर २०१९ पासून बंदी आहे, आणि कागदावर २० डॉलर लिहिलेल्या लेन्ससाठी ३०० डॉलरांचा दावा लढवणेही कठीण जाते. मागणी नोंदवल्यानंतर ‘आपले पार्सल विमानतळावर अडकले आहे, दंड भरा, नाहीतर अटक होईल’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. सीमाशुल्क विभाग कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. ८ नोव्हेंबर २०१९ पासून त्यांच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

यातून काही बिघडलेच तर बँकेकडची तक्रार तोंडी ठेवू नये; लेखी करावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही. भारतातल्या कोणाच्या खात्यात फसवून पैसे घेतले गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

ठेवीवरचे कार्ड हाती यायला काही दिवस लागतील. तोपर्यंत जपानी विक्रेत्याला ईबेवरच लिहा की सूट नको, व्यवहार येथेच करायचा आहे, आणि काचांमधून उजेड टाकून काढलेले छायाचित्र हवे आहे. त्याने ते पाठवण्याची टाळाटाळ केली तर दुसरा विक्रेता पाहा. जपानमध्ये अशा जुन्या लेन्सचा व्यापार मोठा आहे आणि आपल्या कॅमेऱ्याला बसणारी लेन्स विकणारे तेथे इतरही मिळतील.